भुईचाफ्याची वाट पाहताना

१९८१ सालच्या मे महिन्यात मी सांगलीकडून मालवणला सून म्हणून आले. त्याच महिन्याच्या १ तारखेला रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला होता. त्यामुळे "जिल्हा आणि ही एकाच वयाची," असे माझे यजमान थट्टेने म्हणत. माहेरी काळी जमीन आणि नदीचे पाणी; येथे तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे आणि माडांच्या सावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात उतरले, तेव्हा एका बाजूला तीन दगड मांडून राखलेली हातभर मोकळी जागा दिसली. तेथे गवताची काडीही नव्हती. मी सहज त्यावरून पाऊल टाकणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "तिथे पाय नको. खाली भुईचाफा आहे."

सासूबाईंना सारे घर आक्का म्हणे. आमचे मूळ घराणे कोल्हापूरकडचे. गुळाच्या व्यापारासाठी फोंडा घाट उतरून आलेले आणि मालवणच्या बाजारपेठेत किराणा दुकान घालून स्थिरावलेले. घर धुरीवाड्याच्या बाजूला. दुकानाचा हिशेब मामंजींकडे, तर खळ्यातील फुलझाडांचा आक्कांकडे. दोन्हीकडे उधळपट्टीला जागा नव्हती.

पंचांगात वैशाख हा वसंताचा दुसरा महिना. किनाऱ्यावर मात्र तो घामाचा आणि आगोटीचा महिना असतो. पावसाळ्याची बेगमी करायची म्हणून गावोगावची माणसे दुकानात येतात. तांदूळ, तेल, मिरची, गूळ, मीठ यांची पोती हलत राहतात. घरोघरी कोकमाची सोले रस लावून उन्हात पडलेली असतात. विहिरीचे पाणी तळाशी जाते. समोर सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी खारे पाणी असताना, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांचे कौतुक पाहुण्यांना वाटते. आमच्यासारख्या समुद्रालगत राहणाऱ्यांना मात्र वैशाखात आपल्या विहिरीचे पाणी मचूळ तर होणार नाही ना, याचीच काळजी असते. म्हणून फुलझाडांच्या वाट्याला येणारी कळशी मोजकीच.

तरीही याच दिवसांत आमचे खळे सर्वांत देखणे असते. वेंगुर्ल्याकडे, आरवलीच्या बाजूला सुरंगीचा हंगाम तेव्हा सरलेला असतो. बाजारात तिचे वळेसर दिसेनासे होतात. पण घरचा मोगरा भरात असतो. सोनचाफ्याची फुले पानांआड लपतात आणि वासाने सापडतात. बकुळीचा सडा पहाटे पडतो. आक्का झाडाखाली जुने धोतर पसरून ठेवत आणि पडलेली फुले तेवढी उचलत. अबोली बिनवासाची खरी, पण उन्हाला तीच सर्वांत कणखर. अनंताच्या कळ्या पिळलेल्या वातींसारख्या दिसतात; वळवाची एखादी सर आली की त्या उमलू लागतात.

या सर्वांची वाट पाहणे सोपे. कळी डोळ्यांना दिसते, रोज थोडी वाढते, मनाला धीर येतो. भुईचाफ्याचे तसे नाही. तो हळद आणि आल्याच्या कुळातला. हिवाळ्यात त्याची पाने वाळून नाहीशी होतात आणि कंद मातीखाली निजतो. पुढे कित्येक महिने वर काहीच नसते. मग उन्हाळ्यात केव्हातरी, एकही पान नसताना, उघड्या जमिनीतून थेट फूल वर येते. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळी झाक आणि मंद सुवास. त्याला उंच दांडा नाही. जमिनीलाच टेकलेले असते. पाहायचे तर वाकावे लागते, वास घ्यायचा तर गुडघे टेकावे लागतात. सकाळी उमललेले फूल संध्याकाळपर्यंत मान टाकते. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरे येते. असे काही दिवस चालते. मग पाऊस लागला की पाने येतात, वरून चित्रविचित्र हिरवी आणि खालून जांभळट.

आमच्या घरी कांदा, बटाटा, आले कधी शिजले नाही. त्यामुळे एखादे पाहुणे हसून म्हणत, "आक्का, कंदमूळ वर्ज्य, आणि अंगणात कंदच जपलाय!" आक्कांचे उत्तर ठरलेले असे : "ताटात नको, म्हणूनच अंगणात आहे." कंद उपटला की सारे झाडच जाते आणि त्याच्या आश्रयाने असलेले असंख्य जीवही जातात, हे त्यांनी लहानपणी ऐकले होते. त्यांच्यासाठी तो केवळ खाण्यापिण्याचा नियम नव्हता. मातीखाली आहे त्याला आपल्या सोयीसाठी वर ओढायचे नाही, एवढा साधा अर्थ त्यांनी घेतला होता.

मला तो अर्थ उशिरा कळला. पहिल्याच वर्षी, पौष-माघाच्या सुमारास, त्या ओसाड जागेकडे पाहून मला राहवले नाही. कंद जिवंत आहे की कुजला? आक्का देवदर्शनाला गेल्या असताना मी खुरपे घेतले आणि माती उकरली. कंद होता, भरलेला होता. पण खुरप्याची धार त्याच्या डोळ्यावरच बसली. मी घाईने माती लोटली आणि कोणाला काही बोलले नाही. त्या उन्हाळ्यात फूल आले नाही. आक्का रोज सकाळी तीन दगडांपाशी जाऊन उभ्या राहत आणि परत येत. मी कबूल केले ते पाऊस सुरू झाल्यावर, एक पान उशिराने वर आले तेव्हा. त्या रागावल्या नाहीत. "वही रोज उघडून पाहिली म्हणून वसुली लवकर होत नाही," एवढेच म्हणाल्या.

१६ मे २०२१चा रविवार आमच्या किनाऱ्यावर कोणी विसरणार नाही. अक्षय्य तृतीया होऊन दोनच दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे दुकानाला आधीच अर्धे कुलूप. त्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. माड आडवे झाले, कौले उडाली, विजेचे खांब पडले. आमचा सोनचाफा मुळासकट कोसळला. खाऱ्या वाऱ्याने मोगऱ्याची आणि अनंताची पाने भाजल्यासारखी काळी पडली. आक्का तेव्हा थकल्या होत्या. खिडकीतून पाहत राहिल्या. काही दिवसांनी चाफ्याच्या फांद्या तोडून बाजूला केल्या, तेव्हा खालच्या ओल्या मातीत भुईचाफ्याची फुले उमललेली दिसली. मी त्यांना हात धरून खळ्यात आणले. वाकता येत नव्हते, म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि तेथूनच पाहत राहिल्या.

आक्का जाऊन आता दोन वर्षे झाली. यंदा मुलाने खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरविले. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पावसाळ्यात मालाचा टेम्पो चिखलात रुततो, पोती भिजतात, नुकसान होते. काम मृगाच्या आधी आटोपले पाहिजे. ठेकेदाराला इसार देऊन झाला आहे. त्याने तीन दगडांकडे बोट दाखवून विचारले, "इथे काय आहे?" मी म्हणाले, "भुईचाफा." तो म्हणाला, "आई, इथे तर काहीच नाही. बरं, किती दिवस थांबू? हुंडीलासुद्धा मुदत असते."

कंद उचलून कुंडीत लावता आला असता. पण ती वेळ पाने वाळल्यानंतरची, फूल वर यायच्या तोंडावरची नव्हे. मुदत मात्र माझ्याजवळ नव्हती. तेव्हा मला आक्कांच्या वह्या आठवल्या. दुकानाच्या जुन्या रोजमेळाची कोरी राहिलेली पाने शिवून त्या वह्या करीत आणि त्यांत दुधाचा, धोब्याचा, नारळांचा हिशेब लिहीत. फडताळातून गाठोडे काढून आम्ही दोघे रात्री बसलो. नारळांच्या आकड्यांमध्येच दरवर्षी एक ओळ सापडू लागली : भुईचाफा, पहिले फूल, आणि पुढे तिथी. कोठे चैत्र वद्य, कोठे वैशाख शुद्ध, एका वर्षी तर थेट ज्येष्ठ. मुलाने त्यांतून काही नियम निघतो का, म्हणून आकडेमोड केली, निघाला नाही.

१९८२च्या वहीत लिहिले होते, "भुईचाफा – या वर्षी नाही." कारणाची जागा कोरी होती. खुरप्याची गोष्ट मी मुलाला त्या रात्री प्रथमच सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि पाने उलटत २०२१वर आला. तेथे अक्षर कापरे झाले होते : "सोनचाफा पडला. माड २. भुईचाफा ३ फुले." तोट्याखालीच जमा मांडावी, तशी ती ओळ होती. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला, तेव्हा मुलाने त्याला फाटकाच्या बाजूने काम सुरू करायला सांगितले आणि तीन दगडांभोवती खडूने मोठा चौकोन आखला. "एवढी जागा सोडायची. टेम्पो वळेल, मी पाहिलंय." दर ब्लॉकच्या क्षेत्रावर ठरलेला, म्हणून सोडलेल्या जागेचे पैसे कापायला मात्र तो विसरला नाही. मला हसू आले आणि आक्कांची आठवण झाली.

घरी भुईचाफा लावू इच्छिणाऱ्यांसाठी थोडेसे. जमीन निचऱ्याची असावी आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा असावा. पाने वाळली की पाणी तोडावे. निजलेल्या कंदाला ओल बाधते, तो कुजतो. आक्का शेजारच्या मोगऱ्याच्या आळ्यातून झिरपेल तेवढेच पाणी त्याला पुरेसे मानीत. आणि जागेवर खूण ठेवावी, कारण वर्षातले निम्मे दिवस ती जागा रिकामी दिसते.

हे लिहीत आहे तेव्हा वैशाख सरत आला आहे. अर्ध्या खळ्यात ब्लॉक बसले आहेत, उरलेल्यात आमसुले वाळत आहेत. अनंताच्या पहिल्या दोन कळ्या उमलल्या. चौकोनातील माती तशीच आहे. काल सकाळी एका जागी बारीक भेग दिसली, ती उन्हाने पडली की आतून, हे सांगता येत नाही. मी खुरपे परसात ठेवून दिले आहे. मुलगा दुकानाला निघताना चौकोनापाशी थांबतो, वाकून पाहतो आणि विचारतो, "आलं का?"

"अजून नाही," मी सांगते. तो चौकोनाला वळसा घालून फाटकाकडे जातो.