२२ वर्षांचं अंतर

माझे यजमान माझ्यापेक्षा २२ वर्षांनी मोठे आहेत. लग्न झालं तेव्हा मी ३४ वर्षांची होते, ते ५६ वर्षांचे. मी खरवईच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला जायची. ओटी धरून महिन्याला कसेबसे १३ हजार हातात पडायचे. त्यांचं तिथेच लेथचं वर्कशॉप, बदलापूर स्टेशनच्या बाजूला भाड्याने दिलेले गाळे आणि खरवईत स्वतःचं घर. पहिली पत्नी वारलेली, मुलगा आणि मुलगी दोघंही कमावते. एवढं कानावर पडलं की लोकांना पुढचं ऐकायची गरजच वाटत नाही. त्याला सेवा करणारी हवी होती, हिला पैसा, असा निकाल देऊन ते मोकळे होतात.

आमच्या मशीनचे पार्ट दुरुस्तीला त्यांच्याकडे जायचे आणि मला पावती घेऊन पाठवायचे. ते मला ‘तुम्ही’ म्हणायचे. ठेक्यावरच्या बाईला कारखान्यात ‘ए’ म्हणून हाक मारतात, त्यामुळे ते ‘तुम्ही’ मला घरी गेल्यावरही आठवायचं. मागणी त्यांनीच घातली. उत्तर द्यायला मी बराच काळ घेतला.

मामांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्या घरात शारदा व्हायची होती का?” त्यांना नाटकाचं वेड. देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. त्यात पैशापायी कांचनभट आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. उलट यांच्या मित्रांपैकी एकाने कौतुक म्हणून ‘आनंदी-गोपाळ’ची आठवण काढली. आनंदीबाई आमच्या शेजारच्या कल्याणच्या, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी त्यांचं लग्न सुमारे २० वर्षांनी मोठ्या बिजवराशी झालं. गोपाळरावांच्या हट्टामुळे त्या शिकल्या, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे खरंच. पण अभ्यासासाठी त्यांनी नवऱ्याचा मारही खाल्ला. मला दोन्ही तुलना मान्य नव्हत्या. शारदेला कुणी विचारलं नव्हतं आणि नऊ वर्षांच्या मुलीला विचारून उपयोग नव्हता. मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं असतं तरी माझा पगार, माझी चाळीतली खोली, काहीही जाणार नव्हतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे.

आईचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. “माझ्या वयाची व्हायच्या आत एकटी पडशील,” ती म्हणाली. माझे वडील तिच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे होते, तरी ती चाळिशीतच विधवा झाली. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिने ते स्वतःच मनाशी ताडून पाहिलं असावं, कारण त्यानंतर तिने एवढंच बजावलं: “नोकरी सोडू नकोस.”

कुणीतरी सुचवलं, लग्नाच्या भानगडीत पडू नका, तसेच एकत्र राहा. पुण्यात माधव दामल्यांनी २०१२ पासून ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी काम उभं केलं आहे, तिथे कितीतरी जणांना सोबत मिळाली. दोघांचंही वय झालेलं असेल, दोघांचीही पेन्शन असेल, तर ती वाट चांगली आहे. माझ्याकडे पेन्शन नव्हती. वारसा कायद्यात पत्नी वारस असते, जोडीदारीण नाही. मी लग्नच हवं म्हणाले आणि त्याचं कारण त्यांना स्पष्ट सांगितलं. पैशाचा विचार प्रेमात आणू नये असं ज्यांच्याकडे पैसा असतो त्यांना वाटतं.

विशेष विवाह कायद्याखाली ठाण्याला नोटीस दिली. ३० दिवस ती फलकावर असते, कुणीही हरकत घेऊ शकतो. पण पहिला जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, नातं निषिद्ध आहे, असलीच कारणं चालतात. नवरा २१ पूर्ण, बायको १८ पूर्ण. दोघांमध्ये अंतर किती असावं याबद्दल कायदा काही म्हणत नाही.

मुलांना घराची धास्ती होती आणि ती रास्तच होती. ते घर यांच्या आणि पहिल्या पत्नीच्या नावावर निम्मं-निम्मं होतं. तिच्या निम्म्यात तिच्या माघारी नवरा, मुलगा, मुलगी असे तिघे वारस. म्हणजे मुलांचा हिस्सा आधीपासूनच होता, त्यावर माझा हक्क येणारच नव्हता. त्यांच्या मुलीला मी हे समोर बसून सांगितलं, तेव्हा ती प्रथमच माझ्याकडे नीट पाहून बोलली. आज ती मला नावाने हाक मारते. मी तिच्याहून थोडीच मोठी आहे, आई म्हणवून घ्यायची माझीही इच्छा नव्हती.

खरा त्रास लग्नानंतर सुरू झाला. मी पाळीला निघाले की ते म्हणायचे, “तुला काय कमी आहे?” प्रेमानेच म्हणायचे. पण आईला औषधाला पैसे पाठवायचे तर ते माझ्या खात्यातून जावेत, त्यासाठी कुणापुढे हात पसरायला लागू नये, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. ज्याला कधी मागावं लागलं नाही त्याला मागण्यातला कमीपणा कळत नाही. एकदा वाद वाढला आणि ते बोलून गेले, “माझ्या घरात हे चालणार नाही.” मी पिशवी भरली आणि आईकडे गेले. न्यायला आले तेव्हा ते माफी मागत होते. मला माफीपेक्षा कागद हवा होता, आणि मी तसं म्हटलं.

मग मृत्युपत्र झालं. दोन साक्षीदारांसमोर सही. घराचा त्यांचा हिस्सा मुलांना, मला मात्र हयातभर तिथे राहण्याचा हक्क. मुलांनीही तसं लिहून दिलं. एका गाळ्याचं भाडं माझ्या खात्यात येऊ लागलं. त्यानंतर आमची भांडणं कमी झाली असं नाही, पण भांडताना मला पिशवी भरावी लागली नाही.

मूल नको हे आम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं. ठरवायला एक संध्याकाळ पुरली. निभावायला मला अजून बळ लागतं. त्यांना साखर आहे, जिना चढताना दम लागतो. मी पन्नाशीत येईन तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले असतील आणि त्यांचं सगळं मलाच करावं लागेल. ते मी करीन. ती सेवा मी गाळ्याच्या भाड्याच्या बदल्यात करणार नाही, आणि भाडं मिळतं म्हणून तिची किंमतही कुणी कमी धरू नये.

पॅकिंगच्या मुली अधूनमधून मला बाजूला घेऊन विचारतात, एखादीला असं स्थळ आलेलं असतं. मी त्यांना सांगते, वयाला घाबरू नका. त्याच्या मुलांना लग्नाआधी भेटा, राहण्याचा हक्क लेखी घ्या आणि काही झालं तरी आपलं बँक खातं आणि नोकरी सोडू नका. आणि हे सगळं मागितल्यावर जो रागावेल, त्याच्याशी लग्न करू नका.