लग्नाची कॅसेट

आई अजूनही तिला "लग्नाची कॅसेट" म्हणते. प्रत्यक्षात ती डीव्हीडी आहे, २००५ सालची, ताईच्या लग्नाची. जाड प्लॅस्टिकचं कव्हर, वर गणपती, खाली ताई आणि भावजींचा बदामाच्या आकारात कापलेला फोटो. आत तीन डिस्क. बाबा गेल्यापासून तिने ती कधी लावायला सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो तर जेवताना अचानक म्हणाली, "ती कॅसेट लाव ना रे एकदा. ह्यांना बघायचंय."

घरातला डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही (हल्ली कोणाच्या असतो?). म्हणून पुण्याला परत आल्यावर यूएसबीवर चालणारा एक ड्राइव्ह मागवला आणि पुढच्या शनिवारी परत साताऱ्याला. एचडीएमआय केबल टीव्हीला लावली, व्हीएलसी उघडलं, सनई सुरू झाली. मला एकदम भारी वाटत होतं. पाच मिनिटांत आई म्हणाली, "हे काय रे? सगळ्यांना फणीने विंचरल्यासारखं दिसतंय."

गंमत म्हणजे या दोषाचं इंग्रजी नावही फणीवरूनच आलंय. आईने न शिकता बरोबर निदान केलं :)

तर भानगड अशी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र ५७६ रेघांचं. पण त्या काळचा व्हिडिओ कॅमेरा एक पूर्ण चित्र एका क्षणी टिपायचाच नाही. आधी एकाआड एक २८८ रेघा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. ट्यूबचा टीव्ही त्या रेघा त्याच क्रमाने पडद्यावर काढायचा, त्यामुळे डोळ्याला सगळं सलग वाटायचं. एलसीडी किंवा एलईडी पडदा मात्र दोन्ही अर्धी चित्रं एकदम दाखवतो. भिंत, खांब, गणपती वगैरे स्थिर मंडळी व्यवस्थित दिसतात. पण जो हलतो तो पहिल्या अर्ध्यात एका जागी आणि दुसऱ्या अर्ध्यात जरा पुढे, म्हणून त्याच्या कडेला फणीचे दात. आणि लग्नात हलत नाही असं कोण असतं?

यावर उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग. व्हीएलसी ते आपोआप करतं, पण डिस्कवर "मी इंटरलेस्ड आहे" अशी खूण असेल तरच. आमच्या व्हिडिओवाल्याच्या सॉफ्टवेअरने ती खूण चुकीची मारली होती. मग हाताने चालू केलं. यादी उघडली की डिस्कार्ड, ब्लेंड, बॉब, यादिफ अशी बरीच नावं दिसतात आणि बहुतेक लोक पहिलं जे चालेल ते ठेवतात. ठेवू नका. डिस्कार्ड म्हणजे अर्ध्या रेघा सरळ फेकून द्यायच्या. फणी जाते, पण तपशीलही जातो. ब्लेंड दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळतं, त्यामुळे हलणाऱ्या हाताला भुतासारखा दुसरा हात फुटतो. लग्नाच्या डिस्कसाठी घ्यायचं ते यादिफ, आणि तेसुद्धा दोन-एक्सवालं. ते प्रत्येक अर्ध्या चित्रासाठी आजूबाजूच्या रेघा आणि आधीची-नंतरची चित्रं पाहून उरलेल्या रेघा भरतं आणि सेकंदाला पूर्ण ५० चित्रं देतं. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले पन्नासच्या पन्नास क्षण परत मिळतात. २५ वर थांबलात तर निम्मे क्षण डिस्कवर असूनही तुम्हाला दिसत नाहीत.

(सिनेमाच्या डीव्हीडीला हे लावू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. पालच्या डिस्कवर तो बहुतेक वेळा सरळ २५ ने पळवलेला असतो, साधारण चार टक्के जलद. तिथे फणी नसतेच, उगाच फिल्टर लावून चित्र मऊ कशाला करा.)

मी यादिफ लावलं आणि नवंच नाटक. फणी गेली, पण सगळे थरथरायला लागले. वरात दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे. यात माझा अख्खा शनिवार गेला. शेवटी ट्यूब पेटली. त्या वेळचे डीव्ही टेपचे कॅमेरे खालच्या रेघा आधी द्यायचे, आणि डिस्कवर खूण होती वरच्या रेघा आधीची. म्हणजे प्रत्येक जोडीतला नंतरचा क्षण आधी दिसत होता. एमपीव्ही नावाच्या प्लेअरमध्ये "खालच्या आधी" असं बजावता येतं. बजावलं, आणि वरात सरळ चालू लागली. त्या एका सेटिंगचा मला जेवढा आनंद झाला तेवढा ऑफिसात रिलीजलाही होत नाही.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकल्या. काळे केस राखाडी दिसत होते, कारण लॅपटॉप आणि टीव्ही यांचं काळ्या रंगावर एकमत नव्हतं: डीव्हीडीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटरमध्ये ० आणि २५५. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दोघांना एका भाषेत आणलं. दुसरं, चित्राचा आकार. डिस्कवर ७२० बाय ५७६ असतं, पण ते ठिपके चौकोनी नसतात, ४:३ ला ते ७६८ बाय ५७६ सारखं दिसायला हवं. जुन्या प्लेअरवर आमचा टीव्ही तेच ताणून १६:९ करायचा. मोठी मावशी इतकी वर्षं विनाकारण रुंद दिसत होती. तिला फोन करून कळवलं.

आणि मग बाबा.

मुलीच्या बापाला लग्नाच्या व्हिडिओत जागा नसते, हे तुम्हीही पाहिलं असेल. कन्यादानात दिसतात, निरोपाच्या वेळी पाठमोरे दिसतात, बाकी वेळ ते आचाऱ्याशी नाहीतर कार्यालयाच्या मॅनेजरशी बोलत असतात. मंगलाष्टकांत ते नव्हतेच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आईला तर माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीच्या आईने मंगलाष्टकं बघायची नसतात, ती मागे तुळशीला पाणी घालत होती.

पण जुने टीव्ही चित्राच्या कडा कापायचे. चारही बाजूंनी थोडी थोडी पट्टी पडद्याबाहेर जायची. नंतरचे सपाट टीव्हीसुद्धा जुन्या प्लेअरचं चित्र सवयीने कापतच राहिले. म्हणून कॅमेरावाला कडेला काय येतंय याची फिकीर करायचा नाही. कॉम्प्युटर मात्र सगळं चित्र दाखवतो, अगदी कडेच्या काळ्या पट्टीसकट. आणि त्या पट्टीला लागून, डावीकडे मांडवाच्या खांबापाशी, बाबा उभे आहेत. पूर्ण मंगलाष्टकभर. फणी होती तोवर तो एक गढूळ ठिपका होता. आता माणूस दिसतो, फेटा दिसतो, खाली धरलेला उजवा हात दिसतो.

"सावधान" झालं की सगळ्यांचे हात वर जातात. बाबांचा जात नाही. मूठ मिटलेलीच. दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही.

आई काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मुठीत काय आहे रे ह्यांच्या?"

पुण्याला आल्यावर मी आधी शहाण्यासारखं डिस्कची कॉपी केली (तिसरी डिस्क ठिकठिकाणी वाचवत नव्हती, डीडीरेस्क्यूने रात्रभर पुन्हा पुन्हा वाचून घेतली, तुमच्याकडे अशा डिस्क असतील तर आजच उतरवा, लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर कायमचा टिकत नाही). मग नको तो उद्योग केला. तो तुकडा एका एआय अपस्केलरला दिला. त्याने पंधरा मिनिटांत सुंदर चित्र दिलं. फेट्याची घडी न् घडी स्पष्ट, मिशीचा केस न् केस वेगळा, मुठीला पाच टापटीप बोटं. फक्त तो माणूस बाबा नव्हता. गुळगुळीत गालांचा, कुठल्या तरी जाहिरातीतला सासरा. आईला पाठवलं तर तिचा लगेच उलट मेसेज, "हे कोण?" डिलीट केलं. बाबांचा चेहरा डिस्कवर जेमतेम तीस ठिपक्यांचा आहे. त्यात नसलेलं त्या प्रोग्रॅमने हजारो परक्या चेहऱ्यांवरून भरलं होतं.

त्यापेक्षा साधी फाइल केली, सेकंदाला ५० चित्रांची, ५७६ रेघांची, एकही कड न कापता. पेन ड्राइव्हवर घालून काल आईच्या टीव्हीला लावली. टीव्हीच्या मेनूत शोधून कडा कापणंही बंद केलं. ताई व्हिडिओ कॉलवर होती.

"किल्ल्या असतील," ताई म्हणाली. "कार्यालयाच्या खोल्यांच्या. दिवसभर त्यांच्याच हातात होत्या."

"अक्षता आहेत," आई म्हणाली.

"मग टाकल्या का नाहीत?"

आईने रिमोट मागितला आणि तो तुकडा परत पहिल्यापासून लावला. चौथं "सावधान" होईपर्यंत मी चहा टाकायला आत गेलो होतो. बाहेर आलो तरी दोघींचं तेच चालू होतं.