पाट्या वर करा!

“पाट्या पालथ्या!” गुरुजींची हाक आली की तिसरीच्या वर्गात तीसेक पाट्या सारवलेल्या जमिनीवर पालथ्या पडायच्या. साल १९७४. माढा तालुक्यातली आमची दोन शिक्षकी शाळा मारुतीच्या देवळाला लागून होती. रोजचा पहिला तास तोंडी हिशेबाचा. गुरुजी गणित सांगायचे, आम्ही मनात जुळवाजुळव करून उत्तर लिहायचो आणि पाटी पालथी ठेवायचो. मग दुसरी हाक यायची, “पाट्या वर करा!”

त्या एका क्षणाची धाकधूक अजून आठवते. बरोबर उत्तराच्या पाट्या डोक्याच्याही वर जायच्या. ज्यांना खात्री नसायची त्यांच्या छातीपर्यंतच यायच्या. खांबाला टेकून बसणारा माझा एक सोबती सगळ्यांच्या पाट्या वर होईपर्यंत थांबायचा, शेजारचा आकडा बघायचा आणि थुंकीचं बोट फिरवून आपला आकडा बदलायचा. आदल्या वर्षीच्या गुरुजींनी चुकलेल्या पाटीमागे एक छडी असा हिशेब ठेवला होता. तो त्याच्या अंगात मुरला होता.

तिसरीचे गुरुजी मात्र वेगळे होते. एका दुपारी ते म्हणाले, “ज्यांच्याकडे विटी-दांडू आहे त्यांनी घेऊन या.” आम्ही घराकडे धूम ठोकली. दोघांना त्यांनी शाळेचं पटांगण आपापल्या दांडूने मोजायला लावलं. वकट, लेंड, मूंड, नाल अशी आमची नेहमीची मोजणी सुरू झाली. तेव्हा गुरुजींनी सांगितलं की हे शब्द तेलुगूतल्या एक, दोन, तीन, चारचे आहेत. सोलापुरातले पद्मशाली विणकर घरात तीच भाषा बोलतात. आमच्या खेळात एक दुसरी भाषा राहते आहे, हे त्या दिवशी कळलं.

मोजणी संपली आणि भांडण जुंपलं. एकाचं पटांगण बावन्न दांडू, दुसऱ्याचं एकसष्ट. दोघंही शपथेवर खरे. गुरुजी शांतपणे म्हणाले, “दोघांचेही दांडू शेजारी धरा.” एक थोडा लहान निघाला. मग त्यांनी कपाटातली लाकडी मीटरपट्टी काढली. मीटर कशाला हवा हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय त्या दिवशी कुणीच चुकलं नव्हतं. खांबाजवळचा माझा सोबती सगळ्यांत मोठ्याने बोलत होता, कारण लहान दांडू त्याचाच होता.

खेळ वर्गात आणायचं हे शहाणपण आपल्या मातीत जुनं आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात आणणार कुठून? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. मूल जिथे बिनधास्त असतं तिथे शिक्षण न्यायचं, हे त्यामागचं सूत्र होतं.

आमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, तेव्हा मला हेच सूत्र आठवलं. छापील पानावर फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, याचा अभिमान आम्हा तालुकावासीयांना जास्त.

माझी भाची जवळच्याच एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिच्या वर्गात जाऊन बसलो. “मामा, आता बघा,” म्हणत तिने एकतीस मुलांना पुठ्ठ्यावर चिकटवलेली एकेक आकृती वाटली. काळ्या-पांढऱ्या चौकोनांची, प्रत्येकाची निराळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर असलेली बाजू वर करून कार्ड धरायचं. प्लिकर्स नावाच्या या खेळात बाई एकच फोन वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं काय उत्तर आहे ते फोन टिपून घेतो. शेजाऱ्याला मात्र काहीच उमगत नाही. बघून बदलायची सोय नाही आणि लाजायचं कारणही नाही.

प्रश्न होता, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? फोनमध्ये अर्ध्याहून अधिक उत्तरं चुकलेली दिसली. चार हे तीनपेक्षा मोठे, म्हणून चतुर्थांश मोठा, असं मुलांना वाटतंच. भाची कुणाचं नाव घेऊन बोलली नाही. तिने डब्यातल्या दोन सारख्या भाकरी काढल्या. एकीचे तीन वाटे केले, दुसरीचे चार. “चतकोर म्हणजे यातला कुठला रे?” वर्गाला शब्द घरचाच होता. मुलं पुढे सरकली, तुकड्यावर तुकडा ठेवून बघू लागली. पुन्हा तोच प्रश्न आला आणि कार्डं भराभर फिरली.

तंत्रज्ञानाने काय दिलं, हे मला त्या मिनिटात दिसलं. मूल चुकलंय हे बाईंना कळलं, पण चारचौघांत ते उघडं पडलं नाही. आमच्या पाटीत ही सोय नव्हती. लेखी गणिताच्या वेळी पाटीवर मात्र उत्तरासोबत वाटही दिसायची. हातचा कुठे विसरला, वजाबाकी कुठे उलटी झाली, गुरुजी नजरेनेच ओळखायचे. कार्डाला फक्त उत्तर कळतं. म्हणून भाचीने आठवड्याच्या बाजारातून पाट्या आणून ठेवल्या आहेत. कार्ड खाली ठेवलं की मुलं पाटीवर हिशेब मांडून दाखवतात आणि ती बाकाबाकापाशी बसून तो बघते.

माझा तो खांबाजवळचा सोबती चौथीनंतर शाळेत आलाच नाही. त्याला गणित येत होतं. दांडूच्या भांडणात मी ते स्वतः ऐकलं होतं. पण दांडूचा दिवस एकदाच उगवला आणि पालथ्या पाट्या मात्र रोज होत्या.

निघायच्या वेळी भाची शेवटचा प्रश्न विचारत होती. सवयीने माझ्या कानाला पुढची हाक माहीत होती. “कार्डं वर करा!” एकतीस हात एकदम वर गेले. मी मुद्दाम मागच्या रांगेपर्यंत नजर फिरवली. छातीपाशी थांबलेलं एकही कार्ड नव्हतं.