आवाजाच्या पातळीची नोंद

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात आवाजाची पातळी साउंड कार्डावरील चिपच्या रजिस्टरांत, म्हणजे तिच्या छोट्या स्मृतिकोशांत, राहते आणि वीज तुटताच ती पुसली जाते. त्यामुळे काल लावलेला आवाज आज जसाच्या तसा मिळायला हवा असेल, तर संगणक बंद होताना तो लिहून ठेवावा लागतो आणि सुरू होताना वाचून परत लावावा लागतो. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नेलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून, रूढ झालेली अल्सा ही ध्वनिव्यवस्था या कामासाठी ‘अल्साक्टल’ हे साधन देते. ‘स्टोअर’ या आज्ञेने ते सर्व पातळ्या ‘असाउंड डॉट स्टेट’ या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिते आणि ‘रिस्टोअर’ने परत लावते. त्या फाइलीत प्रत्येक पातळीचा आकडा आणि ती वाहिनी खुली की बंद हे वेगवेगळे नोंदलेले असते, म्हणून आकडा पुरेसा असूनही आवाज उमटत नसेल, तर प्रथम हा दुसरा भाग पाहावा. नोंद नसलेले कार्ड अल्सामध्ये पूर्वी बहुधा मुकेच सुरू होत असे. कानाची आणि स्पीकरची काळजी घेणारा हा शिरस्ता योग्यच होता.

खरी अडचण लिहिण्याच्या वेळेत आहे. प्रचलित रचनेत सिस्टिमडी, म्हणजे संगणकाच्या सेवा क्रमाने सुरू आणि बंद करणारी व्यवस्था, हे लेखन संगणक रीतसर बंद होतानाच करवते. कर्नाटकातील मलनाडाच्या काठावर, हुबळी-कारवार रस्त्यावर वसलेल्या कलघटगीसारख्या गावात मुसळधार पावसात वीज अचानक गेली आणि संगणकाला बॅटरीचा आधार नसला, तर ते लेखन होतच नाही, आणि पुढच्या वेळी जुनीच पातळी परत येते. नुसते गाणे ऐकणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटणार नाही. परंतु मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल या गायकांच्या या मुलखात जुन्या मैफलींची कॅसेट संगणकावर उतरवून घेणाऱ्याला ते परवडत नाही, कारण ‘कॅप्चर’, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, मध्येच बदलली की एकाच रागाच्या दोन बाजू दोन वेगळ्या खोल्यांत गायल्यासारख्या ऐकू येतात, आणि पातळी फार चढली असेल, तर तानेचे कापले गेलेले टोक नंतर कोणत्याही उपायाने नीट परत मिळत नाही. यावर उपाय सोपा आहे: पातळी जमली की त्याच क्षणी प्रशासकाच्या अधिकाराने ‘अल्साक्टल स्टोअर’ चालवावे, बंद होण्याची वाट पाहू नये. ज्यांना हे प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचे नसेल, त्यांच्यासाठी अल्साक्टलला पार्श्वभूमीवर चालवून ठराविक अंतराने नोंद करायला लावण्याचीही सोय आहे.

नोंद कार्डाच्या ओळखनावाखाली होते, हे जाणणे तितकेच आवश्यक आहे. एकाच प्रकारची दोन यूएसबी कार्डे लावली, तर ही नावे कार्डे ज्या क्रमाने सापडतील त्यावर ठरू शकतात आणि एकाची पातळी दुसऱ्याला लागते. अशा वेळी यूडेव्ह, म्हणजे उपकरणे ओळखणारी व्यवस्था, हिच्या नियमाने प्रत्येक जोडणीला कायमचे नाव द्यावे.

एवढे करूनही पातळी बदललेली दिसली, तर कारण बहुधा वरच्या थरात असते. पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या अल्साच्या वर चालणाऱ्या ध्वनिव्यवस्था वापरकर्त्याने लॉगिन केल्यावर सुरू होतात, स्वतःच्या वेगळ्या नोंदी ठेवतात आणि अल्साने नुकत्याच लावलेल्या पातळीवर आपली पातळी चढवतात. त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच ठरतो. ज्या थरातून ध्वनिमुद्रण होणार आहे, त्याच थराच्या नियंत्रकात पातळी लावावी, संगणक एकदा पुन्हा सुरू करावा, लॉगिन झाल्यावर अल्सामिक्सर या अल्साच्या पातळ्या दाखवणाऱ्या साधनात ‘कॅप्चर’चा आकडा पाहावा आणि तो जुळल्यावरच कॅसेट लावावी.