येतानाचं डिझेल

फ्रीगंज, उज्जैन
पौष वद्य 4

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

मुंबई ते जंजिरा, शिडाची होडी, वाटेत खांदेरी आणि पद्मदुर्ग! पत्र वाचलं आणि टॉवरपर्यंत दोन फेऱ्या मारून आलो. मामी म्हणाली, "क्षिप्रेच्या घाटावर पाय घसरतो तुमचा, त्याला कसले सल्ले देता?" पण नोकरीच्या काळातले माझे रविवार तुझ्या वाटेवरच्याच पाण्यात गेलेत, तेव्हा ऐक.

तुझा हिशेब: सुमारे 40 सागरी मैल, 5 नॉटचा वेग, 8 तास, तासाला 2 लिटर, जाऊन-येऊन 32. म्हणून 40 लिटर पुरे. कागदावर चोख आहे. पण डिझेल मैलांवर जळत नाही, तासांवर जळतं. जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, इंजिन लागणारही नाही कदाचित. येताना तोच वारा नाकावर. रजा संपलेली, नागमोडी शिडं फिरवत बसायला वेळ नाही, म्हणून इंजिन. लाटा आपटतात, 5 नॉटचे 3 होतात, 8 तासांचे 13. म्हणजे येतानाच 26. जाताना वारा पडला तर त्याचे 16. झाले 42! त्यावर एकूण साठ्याचा तिसरा हिस्सा हात न लावता ठेवायचा. 63 घे.

टाकीतलं सगळं आपलं, असंही समजू नकोस. खांदेरीच्या दीपगृहासमोर एकदा काटा पाव टाकी दाखवत होता आणि इंजिन खोकून बंद पडलं. लाटांनी तळाचा गाळ घुसळला, फिल्टर चोंदला. उलट्या येत असताना फिल्टर बदलणं काय असतं, ते तुला कळू नये. सुटे दोन ठेव. काट्यापेक्षा खुणा केलेली बांबूची काठी खरी.

याच खांदेरीला 1679 साली इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यासाठी खोळंबायची आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान होड्या रात्री रसद घेऊन बेटावर जायच्या. त्यांचं इंधन म्हणजे तांदूळ.

परतताना पहाटे चारला नांगर उचल. मतलई वारा जमिनीकडून, बाजूने मिळतो. उत्तरेला होडी सुरेख पळते. खारा वारा उठेपर्यंत जेवढं कापशील तेवढं डिझेल वाचलं. मुंबईच्या तोंडाशी भरती धरूनच शीर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, वेळापत्रकाशी ताडून बघ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीशी झुंजू नकोस, त्यापेक्षा भांगाचे दिवस बरे.

निघायची तारीख कळव, तिथी मी काढतो. वेधशाळेच्या गावात राहून एवढं तरी जमावं!

मामीला अलिबागचा पांढरा कांदा हवाय. डिझेलच्या कॅनजवळ ठेवू नकोस, मागच्या खेपेची पिशवी तिने दारातूनच परत केली होती.

तुझा,
मामा