मोजलेले हात

एकत्र कुटुंबांत मूल जन्मास आलें म्हणजे त्याचें करावयास कोण आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. न्हाऊं घालावयास आजी असते, झोळी हलवावयास आत्या असते, रात्रीं रडूं लागलें तर खांद्यावर टाकून ओटीवर फेऱ्या घालणारे एखादे काका निघतात. आणि कोणाचेच हात मोकळे नसले तर शेजारच्या बिऱ्हाडांतल्या काकू आहेतच. हे हात कधीं कोणी मोजले नाहींत, आणि जें मोजावें लागत नाहीं त्याची किंमतही सहसा कळत नाहीं. नोकरीनिमित्त परदेशीं राहणाऱ्या जोडप्यास मूल झालें, कीं त्याला पहिलें काम हेंच करावें लागतें: हात मोजण्याचें.

आम्ही नेदर्लंड्समधील हेग शहरीं सात वर्षें राहत आहों. यजमान व मी दोघेंही नोकरी करतों. आमची कन्या आतां चौदा महिन्यांची झाली आहे. पुण्यास सासरीं नऊ माणसांचें घर. येथें तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, आणि तेथवर नेणारा जिना इतका उभा व अरुंद कीं, मूल व त्याचें सामान एका खेपेस वर नेतां येत नाहीं. “तुम्हां दोघांना तें सारें जमतें तरी कसें?” असें घरच्या मंडळींकडून वारंवार विचारण्यांत येतें. फोनवरील पांच मिनिटांत या प्रश्नाचें उत्तर देतां येण्याजोगें नाहीं. म्हणून हा लेख.

येथील रीत अशी कीं, बाळंतपण रुग्णालयांत होवो वा घरीं, त्यानंतर सुमारें आठ दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरीं येतात. डच भाषेंत या व्यवस्थेस ‘क्रामझोर्ख’ म्हणतात. बाळंतिणीची काळजी एवढाच त्या शब्दाचा अर्थ. प्रत्येकास सक्तीनें घ्याव्या लागणाऱ्या आरोग्यविम्यांत ती अंतर्भूत आहे. गरज पाहून २४ पासून ८० पर्यंत तास मंजूर होतात. आमच्या वाट्यास ४९ आले. या बाई आईचा व बाळाचा ताप पाहतात, ओलीं झालेलीं दुपटीं मोजून वहींत टिपतात, पाजावें कसें व न्हाऊं कसें घालावें हें आईबापांस शिकवितात, न्हाणीघर पुसून काढतात, आणि भेटीस आलेल्यांची गर्दी झाली तर त्यांना गोड शब्दांत वाटेस लावतात. वांकून वांकून त्यांची पाठ दुखूं नये म्हणून बाळंतिणीचा पलंग ८० सेंटिमीटर उंच असावा लागतो, व त्यासाठीं पायांखालीं ठोकळे देतात. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, “ही तर आपली बाजच झाली. खालीं शेगडी तेवढी राहिली.”

सासूबाई बाळंतपणापूर्वीं आठवडाभर आधीं येऊन पोंचल्या होत्या. त्यांच्या पेटींत डिंक, खारीक, अळीव, ओवा व बाळंतशेपा होत्या. त्यांचें व त्या डच बाईंचें कसें जमणार, याची मला मोठी धास्ती होती. वाद झाला तो एकट्या खिडकीचा. बाईंना खोलींत १८ अंशांहून अधिक उष्णता नको होती, सासूबाईंना बाळास वारा लागूं द्यावयाचा नव्हता. तोड बाळाच्या बिछान्यांतच निघाली. येथें धातूच्या बाटलींत कढत पाणी भरून, ती कापडी पिशवींत घालून, बाळाच्या अंगास लागणार नाहीं अशा अंतरावर ठेवतात. खिडकी किंचित् उघडी राहिली, आणि सासूबाईंना त्यांची शेगडीही मिळाली.

दुसऱ्या दिवशीं बाईंनीं पाहुण्यांसाठीं गोल कुरकुरीत टोस्टांना लोणी लावून त्यांवर गुलाबी-पांढऱ्या साखरदाण्यांचा थर दिला. आपण पेढे-बर्फी वाटतों, तसे येथें हे टोस्ट. सासूबाईंनीं एक दाणा दातांखालीं फोडला, तर आंत बडीशेपेच्याच चवीचें बीं! त्यानें बाळंतिणीस दूध येतें अशी येथील जुन्या बायकांचीही समजूत आहे, असें बाईंनीं सांगतांच सासूबाईंनीं बाळंतशेपांची पुडी उघडून पुढें केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुभाषी म्हणून मी मध्यें होतें, परंतु त्यानंतर माझी फारशी गरज पडली नाहीं.

सोयराच्या दहा दिवसांत बाळंतिणीनें कशासही हात लावावयाचा नाहीं, या रूढीवर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली आहे, व विटाळापुरती ती रास्तही आहे. परंतु त्या दहा दिवसांत सुनेला निर्धास्तपणें पाठ टेकतां येई, हेंही खरें. येथें तीच विश्रांति विम्याच्या कलमांत लिहिलेली असते. सासू मायाळू कीं कडक, यावर ती अवलंबून नाहीं. ही त्या व्यवस्थेची थोरवी मी मोकळ्या मनानें मान्य करतें. मात्र आठव्या दिवशीं दुपारीं बाईंनीं वहींत शेवटची नोंद केली, बाळाच्या गालास बोट लावलें, आणि त्या दुसऱ्या घरीं गेल्या. तास संपले होते.

सर्वांत घाई झाली ती नांवाची. जन्माची नोंद तीन दिवसांच्या आंत नगरपालिकेंत करावी लागते व तींत नांव लिहावें लागतें. आपलें बारसें बाराव्या दिवशीं! म्हणजे आत्याबाईंनीं कानांत सांगण्यापूर्वींच कारकुनानें तें मोठ्यानें वाचलेलें. माझ्या वन्सं प्रथम हिरमुसल्या, पण लगेच म्हणाल्या, “दप्तरांतलें नांव दप्तराचें. मी सांगितल्याखेरीज तें तिचें नव्हे.” बाराव्या दिवशीं त्यांनीं पुण्याहून फोनवर ‘कुर्र’ केलें. येथें फोन बाळाच्या कानाशीं मी धरला, आणि त्यांच्या पाठींत घालावयाचे धपाटे तिकडे घरच्या मुलांनीं भरपूर घातले.

पहिल्याच आठवड्यांत एका परिचारिकेनें बाळाच्या टाचेंतून रक्ताचे थेंब घेतले. वीसांहून अधिक दुर्मिळ विकारांची त्यांत तपासणी होते. सासूबाईंनीं सटवाईसाठीं पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवली, ती त्याच सुमारास. दोहोंचा विषय एकच, पुढें काय वाढून ठेवलें आहे हा. टाचेच्या रक्तानें तें वेळींच कळलें तर उपाय करतां येतो, हा त्याचा अधिक गुण. म्हणून आम्ही दोन्ही केलीं. नागरिकत्वाचें मात्र सटवाईवर सोंपवून चालत नाहीं. आमच्यासारख्या भारतीय आईबापांचें मूल येथें जन्मलें म्हणून डच होत नाहीं, आणि आपल्या कायद्याप्रमाणें त्याचा जन्म एका वर्षाच्या आंत भारतीय वकिलातींत नोंदवावा लागतो. ती वकिलात हेग येथेंच असल्यामुळें आमचें काम सोपें झालें.

मुलाचें वजन, उंची, लसी व एकंदर वाढ पाहण्यासाठीं येथें मोहल्ल्यामोहल्ल्यांत शिशु-सल्लाकेंद्रें आहेत. या देशांतील असें पहिलें केंद्र १९०१ सालीं याच हेग शहरांत निघालें. सल्ला विनामूल्य व सौम्य शब्दांत मिळतो, आणि त्यांतील पुष्कळसा आमच्या उपयोगीं पडला. चार वर्षांपर्यंत रोज ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यावे, वर्षाच्या आंत मध चाटवूं नये, बाळास उताणेंच निजवावें, इत्यादि. डिसेंबरांत येथें सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून साडेचारला मावळतो. त्या थेंबांचें मर्म सासूबाईंना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. “कोवळें ऊन बाटलींत भरलेलें आहे, एवढेंच ना?” असें त्या म्हणाल्या.

उताणें निजविण्यामागें मात्र एक शिकण्यासारखी हकीकत आहे. १९७० नंतर या देशांत मुलांस पालथें निजवावें असा वैद्यकीय सल्ला रूढ झाला होता. त्यानंतर पाळण्यांतच निजल्या जागीं दगावणाऱ्या मुलांची संख्या वाढूं लागली. १९८७ मध्यें द योंग नांवाच्या डच बालवैद्यांनीं, मुलास पालथें निजवूं नका, असें बजावलें, आणि तें प्रमाण झपाट्यानें उतरलें. झोळींत मूल आपोआप उताणेंच निजतें. पण म्हणून आपलें तें सर्वच शहाणपणाचें असें ठरत नाहीं, कारण घुटींत मध घालणारेही आपणच. तात्पर्य, आजीचा अनुभव आणि डॉक्टरांचें शास्त्र हीं दोन्ही तपासून घ्यावींत, आणि दोन्ही तपासतां येतात तीं घरांत दोन्ही असलीं तरच.

आजी मात्र आम्हांस नव्वद दिवसांपुरतीच मिळाली होती. शेंगेन करारांतील देशांत पाहुण्यास कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. नात पाहावयास आलेली आजी आणि चित्रशाळा पाहावयास आलेला प्रवासी यांत व्हिसाचा नियम भेद करीत नाहीं. माझी प्रसूतीची रजा सोळा आठवड्यांची. त्यांतील चार आधींच संपलेले. त्यामुळें माझी रजा व सासूबाईंचे दिवस एकाच आठवड्यांत संपले. मामंजींची प्रकृति विमानप्रवासास सोसणारी नाहीं, म्हणून सासूबाईंना फिरून लवकर येणेंही शक्य नव्हतें. बारा आठवड्यांचें मूल परक्या हातीं द्यावें, कीं मीं नोकरी सोडावी, हा खल आम्हीं त्या शेवटच्या पंधरवड्यांत रोज रात्रीं केला. सासूबाईंनीं त्यांत एक अक्षरही काढलें नाहीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं मात्र त्या आपल्या मुलाला न्हाणीघरांत घेऊन गेल्या, पाय पसरून बसावयास लावलें, आणि बाळास पायांवर घेऊन तेल कसें जिरवावें, डोक्यावर पाणी घालतांना कानांवर हात कसा धरावा, हें त्याच्याकडून तीन वेळां करवून घेतलें. “तुझ्या वडिलांना हें कधीं करावें लागलें नाहीं,” एवढेंच त्या म्हणाल्या.

आज आमचा आठवडा असा चालतो. तीन दिवस कन्या पाळणाघरीं जाते. बुधवारीं तिचे वडील घरीं असतात, शुक्रवारीं मी. मूल वर्षाचें होईतों बापास नऊ आठवड्यांची रजा सत्तर टक्के वेतनावर मिळते. २०२२ पासून हा नियम आहे. यजमानांनीं ती एक एक दिवस करून वापरली, व ती संपल्यावर बिनपगारी रजा घेऊन बुधवार कायम ठेवला. ते सायकलीच्या पुढल्या पेटींत मुलीला बसवून बाजारांत जातात, वरण-भाताचा कुकर लावतात, आणि तिचें न्हाणें हें काम त्यांनीं मला आजवर परत दिलेलें नाहीं. आमच्या पुण्याच्या घरांत इतके हात होते कीं, बापाच्या हातांची कोणास आठवणच होत नसे. परदेशानें आमच्या मुलीच्या आजी-आत्या दूर नेल्या हें खरें. परंतु तिचा बाप तिच्या जवळ आणला, हेंही तितकेंच खरें.

तथापि एक गोष्ट तासांवर मिळत नाहीं व रजेनेंही भरून येत नाहीं. पाळणाघरांतील मुली प्रेमळ आहेत, पण त्या डच बोलतात. मुलीच्या कानांवर मराठी पडते ती सकाळ-संध्याकाळ, आणि तीही दमलेल्या दोन माणसांची. सल्लाकेंद्रांत याविषयीं मीं विचारलें, तेव्हां, घरीं तुमचीच भाषा निःशंक बोला, डच ती शिकेलच, असें सांगण्यांत आलें. त्याच दिवशीं, सासूबाई बरोबर असतांना, एक लहानसा प्रसंग घडला. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलों होतों. तीन-चार वर्षांचा एक मुलगा धांवत येऊन “आजी!” म्हणून ओरडला, आणि सासूबाईंनीं चटकन् मान वळविली. हांक त्यांना नव्हती. पलीकडे बसलेल्या एका वृद्ध बाईंना होती. त्या हिंदुस्तानी वंशाच्या, परंतु जन्म सुरिनामचा. भारत त्यांनीं कधीं पाहिलेला नाहीं. त्यांचे पूर्वज मजुरीच्या करारावर तेथें गेले होते. १८७३ सालीं ‘लालारुख’ हें जहाज कलकत्त्याहून अशा मजुरांस घेऊन सुरिनामला पोंचलें, व १९१६ पर्यंत सुमारें ३४,००० माणसें त्या मार्गानें गेलीं. १९७५ मध्यें तो देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यापैकीं पुष्कळ कुटुंबें नेदर्लंड्सला आलीं व हेगमध्यें स्थिरावलीं. त्यांच्या भोजपुरी वळणाच्या बोलींतही बापाच्या आईला आजीच म्हणतात.

दोन महासागर, दीडशें वर्षें, मध्यंतरीं शाळेची भाषा परकी, राज्य परकें. तरी तो शब्द टिकला. तो कोणीं पोथींत जपून ठेवला नव्हता. प्रत्येक पिढींत कोणी तरी त्या नांवानें रोज हांक मारीत होतें, आणि कोणी तरी ओ देत होतें. सासूबाई परत गेल्यावर मीं यजमानांशीं हेंच बोललें, आणि आम्हीं पुण्यास एक विनंती कळविली.

ती विनंती ज्यांचीं मुलें-सुना दूरदेशीं आहेत अशा सर्व वडील मंडळींस येथें करतें. फोन केल्यावर नातवंडाचें वजन, दांत व पगाराची रजा यांची चौकशी आमच्यापाशीं थोडक्यांत करा, आणि उरलेला वेळ त्या मुलाशींच बोला. त्याला कळतें कीं नाहीं, हें पाहूं नका. आमच्याकडे रोज दुपारीं, पुण्यास सायंकाळीं दिवे लागतात त्या वेळीं, सासूबाई देवापाशीं बसून परवचा म्हणतात, आणि ज्या दिवशीं आमच्यापैकीं कोणी घरीं असेल त्या दिवशीं फोन तेथें लावून ठेवलेला असतो. मुलगी कधीं ऐकते, कधीं खुळखुळा आपटीत निघून जाते. मामंजी तिला तिच्या नांवानें हांक मारून, आज आपल्या परसांतल्या पेरूवर कोणता पक्षी आला होता, तें सांगतात. पुढील मे महिन्यांत आम्ही तिघें पुण्यास चार आठवड्यांसाठीं येणार आहों. विमानतळावर ती कोणाकडे झेपावते, यावर वन्संनीं व मामंजींनीं आतांच पैज लावलेली आहे.