पवईचे सर आणि गच्चीवरचा वर्ग

आमच्या नेवाशात पाहुणा आला की आम्ही त्याला आधी खांब दाखवतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ह्याच खांबाला टेकून गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं परंपरा सांगते. लोक सांगणाऱ्याला नमस्कार करतात. मी लिहून घेणाऱ्यालाही करतो. कारकुनाचा कारकुनाला नमस्कार! त्यांनी बोरू उचलला नसता तर ते सांगणं प्रवरेच्या काठावरच राहिलं असतं. दूरशिक्षण म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं?

हाच उद्योग पवईत बसून केला तो दीपक फाटकसरांनी. इंदूरला इंजिनीअर होऊन मुंबईच्या आयआयटीत आलेले हे गृहस्थ १९७१ पासून तिथंच शिकवत राहिले. त्या काळी संगणक खोलीएवढा असे आणि त्याचा थाट असा, की त्याला वातानुकूलित खोली आणि माणसांना पंखा. बँकेत तर १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर 'संगणक येणार, कारकून जाणार' अशी धास्ती होती. संगणक आला, कारकूनही आहेच. पूर्वी आम्ही 'साहेब जेवायला गेलेत' म्हणत असू, आता 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणतो.

फाटकसरांचा हिशेब मात्र आम्हा बी.कॉम.वाल्यांनाही कळेल असा. साठ मुलं शिकवली तर साठच. पण हजार मास्तर शिकवले आणि प्रत्येकाच्या वर्गात साठ मुलं असली, तर साठ हजार! म्हणून पवईतून थेट व्याख्यान आणि गावोगावच्या कॉलेजांत बसलेले प्राध्यापक, अशी शिबिरं भरली. २०१२ साली 'आकाश-२' ही इलेक्ट्रॉनिक पाटी विद्यार्थ्यांना ११३० रुपयांत द्यायचं ठरलं. ते आकाश फार काळ टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी. २०१३ साली सरांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये त्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग एडएक्सवर साऱ्या जगाला खुला झाला.

आमच्या शेजारची पोर बी.एस्सी.ला गणित घेऊन बसलीय. क्लासला नगरला जायचं तर एसटीनं जाण्यायेण्यात दिवस मोडतो, आणि फी ऐकून तिचे वडील उसाच्या बिलाची तारीख विचारतात. म्हणून ती रेंजसाठी गच्चीवर जाऊन मोबाईलवर असलेच धडे बघते.

"काका, शिकवतात झकास," ती म्हणाली, "पण मला अडलं तरी ते थांबत नाहीत!"

सगळी मेख इथंच आहे, वाचकहो. आवाज पवईहून नेवाशाला येतो. कपाळावरची आठी काही पवईला जात नाही. ती बघायला जवळ एक मास्तर लागतोच. पवईनं आधी मास्तरांनाच शिकवायला घेतलं, ते ह्यासाठीच.

तूर्त तिच्या कॉलेजातले एक सर संध्याकाळी थांबून तिचं अडलेलं सोडवून देतात. फुकट. माझ्याकडे ती अजून काही विचारायला आलेली नाही, त्यावरून पोरगी खरोखरच हुशार आहे, असं माझं मत झालंय.